वाद पाटीवर, निकाल निविदेत

गोव्यातल्या एखाद्या पालिकेने शहरातल्या बागेचे नूतनीकरण काढले की बागेतल्या किंवा बागेला लागून असलेल्या जुन्या क्लबघरावरून, तिथल्या कॅफेवरून वाद पेटतो. दर वेळी तो त्याच दोन वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, ही पोर्तुगिजांच्या अमदानीतली खूण, मूठभर भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, नाचगाण्याची जागा. ती जपण्यात आपले काय अडले आहे? दुसरी बाजू कमानींचे, बिडाच्या नक्षीदार कठड्यांचे आणि शिंपल्यांच्या खिडक्यांचे फोटो टाकते आणि ‘वारसा वाचवा’ म्हणते. दोघेही इमारतीच्या तोंडाकडे बघून भांडतात. त्याच दिवसांत पालिकेच्या कचेरीत निविदेचा मसुदा तयार होत असतो. भाडे किती, मुदत किती, व्हरांडा काचेने बंद करता येईल का, स्वयंपाक कुठे होणार, दारू चालेल का, पदार्थांचे दर कोण ठरवणार, हे सगळे त्यात लिहिले जाते. क्लबघराचे पुढचे पंचवीस वर्षांचे आयुष्य त्या कागदावर ठरते आणि तो कागद दोन्ही बाजूंपैकी कोणीच मागून घेत नाही.

माझी भूमिका आधीच मांडतो. बागेतले क्लबघर आणि कॅफे राखायला हवे. पोर्तुगीजकालीन असणे हे त्याचे कारण होऊ शकत नाही आणि देखणे असणे हेही पुरेसे कारण नाही. एका चहाच्या पैशांत कोणालाही तासभर छपराखाली बसू देणाऱ्या जागा आपल्या शहरांत झपाट्याने संपत चालल्या आहेत आणि ही त्यांतली एक आहे, एवढ्यासाठी ती राखायची. हे कारण मान्य केले की पुढचे दोन निर्णय आपोआप येतात. भाडेपट्टी सर्वांत मोठ्या बोलीला द्यायची नाही आणि दुरुस्ती इमारतीच्या जातकुळीला धरून करायची. नाव काय ठेवायचे, पाटी कोणत्या लिपीत लावायची, हे प्रश्न त्यानंतरचे.

विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दा आधी घेऊ, कारण तो खरा आहे. हे क्लब सर्वांचे नव्हते. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनसमोर पहिल्या मजल्यावरचा क्लूब वास्को द गामा १९०९ मधला. मडगावचा हार्मोनिया, पणजीचा नासियोनाल ही त्याच परंपरेतली घराणी. अशा क्लबांचे सभासदत्व, तिथली भाषा, तिथला पोशाख आणि तिथले नाच हे सगळे एका विशिष्ट वर्गाचे होते. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले ते १९१० मध्ये. त्यानंतरच गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने समान नागरिकत्व मिळाले आणि नंतर पोर्तुगालचा हुकूमशहा बनलेल्या सालाझारच्या १९३० च्या वसाहत कायद्याने सगळ्याच गोमंतकीयांचे राजकीय हक्क पुन्हा आवळले. सभा घ्यायची तर परवाना, पत्रक छापायचे तर सेन्सॉर. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकासुद्धा तपासून घ्याव्या लागत. ज्या शेतकरी, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) किंवा रेंदेर (माडी काढणारा) आजोबाला त्या व्हरांड्याची पायरी चढता आली नाही, त्याचा नातू आज ‘आमच्या वारशा’च्या गोष्टी ऐकून चिडला तर त्यात त्याचे काय चुकले? वारशाची बाजू घेणारे हा राग ऐकूनच घेत नाहीत. त्यांच्या फोटोंत खुर्च्या दिसतात, त्या खुर्च्यांवर कोणाला बसता येत नव्हते ते दिसत नाही.

पण या रागातून इमारत पाडण्याचा निष्कर्ष निघतो का? दार बंद होते ही तक्रार असेल तर उपाय दार उघडण्याचा आहे. मुक्तीनंतर गोव्याने नेमके हेच केले. आदिलशहाचा वाडा पुढे पोर्तुगीज राजप्रतिनिधींचे निवासस्थान झाला, मग सचिवालय झाला; २००० साली विधानसभा पर्वरीला जाईपर्यंत लोकांनी निवडून दिलेले आमदार तिथे बसत होते. कोणी तो पाडला नाही. १८७१ मध्ये वास्को द गामाच्या नावाने स्थापन झालेली संस्था मुक्तीनंतर मिनेझिस ब्रागांझा यांच्या नावाने चालू लागली. वास्तू तीच, दर्शनी दालनातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवरची चित्रेही तीच. स्वातंत्र्यसैनिकांना जिथे कोंडले त्या आग्वादच्या तुरुंगाचे संग्रहालय झाले. आझाद मैदानावरच्या मंडपात एकेकाळी आफोंस द आल्बुकेर्कचा पुतळा उभा होता. पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला, मंडप राहिला आणि आज त्याच मैदानावर लोक मोर्चे आणि उपोषणे करतात. म्युनिसिपल गार्डनच्या मधोमधच्या स्तंभावर पूर्वी वास्को द गामा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. खांब न पाडता सत्ता कशी बदलते, हे या शहराने दगडात दाखवून ठेवले आहे.

त्या बागेच्या नावाकडेही जरा नीट बघावे. ‘जार्दीन गार्सिया द ओर्ता’ हे नाव घेतले की वसाहतीचे गुणगान झाले, असे समजणाऱ्यांना हा माणूस कोण होता ते ठाऊक नसते. ओर्ता वैद्य होता. गोव्यात राहून, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी ऊठबस ठेवून, इथल्या वैद्य-हकिमांना विचारून त्याने आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो ज्यू वंशाचा होता. मेल्यानंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्यावर खटला चालवला आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. ज्या सत्तेने त्याला मेल्यावरही सोडले नाही, त्याच सत्तेच्या राजधानीतली बाग पुढे त्याच्या नावाची झाली. एवढी गोष्ट ज्या नावात आहे ते नाव पुसले तर हरवते काय? इन्क्विझिशनविरुद्धचा एक उघड्यावरचा पुरावाच हरवतो. उलट वारसाप्रेमींनाही विचारावेसे वाटते, तुमच्या प्रस्तावित पाटीवर यातले एक वाक्य तरी आहे का? ‘वसाहतकालीन सौंदर्य’ एवढेच लिहायचे असेल तर तीही अर्धीच गोष्ट आहे.

या वादात इतिहास दोन्ही बाजूंच्या तोंडी आहे, पण कागद उघडायचे कष्ट कोणी घेत नाही. खरे तर गोव्यात एखाद्या क्लबघराचा इतिहास शोधणे महाराष्ट्रातल्या बऱ्याच तालुक्यांपेक्षा सोपे आहे. शहरी जमीन असेल तर पी. टी. शीट आणि चलता क्रमांक, म्हणजे शहर भूमापनाचा नकाशा आणि त्यावरचा जागेचा क्रमांक, घ्यायचा. त्यावरून जागेचा धारक कोण, पालिका की क्लब की सरकार, हे कळते. तिथून मागे जाऊन भूनोंदणी कार्यालयात जुनी पोर्तुगीज नोंद, म्हणजे ‘देस्क्रिसांव’ आणि ‘इन्स्क्रिसांव’ काढायची. हद्दी, पूर्वीचे मालक, गहाण हे सगळे त्यात असते. करासाठीची नोंद ‘मात्रीझ’मध्ये. सरकारी राजपत्र १८३७ पासून निघत होते, तेव्हा क्लबाला मिळालेली सरकारी मान्यता, त्याची नियमावली, जागेचा आदेश यांसाठी ते वर्षवार चाळायचे. पालिकेच्या बैठकांची वृत्ते ‘आक्ता’ म्हणून बांधलेल्या वह्यांत असतात. पुराभिलेखागार पणजीतच आहे आणि त्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. पोर्तुगीज वाचणारा एक माणूस आणि दोन-तीन महिने एवढ्यात बांधकाम कधीचे, पैसे कोणाचे, बाग आधी की क्लब आधी, कॅफे कोणाला कोणत्या अटींवर दिला होता, हे बहुतेक वेळा हाती लागते. यातली शेवटची नोंद सर्वांत मोलाची. भाड्याने देताना पूर्वीच्या पालिकेने अटी घातल्या असतील तर त्या आजच्या निविदेला आधार ठरतात, आणि जमीनच एखाद्या ठरावीक वापरासाठी दिलेली असेल तर तिथे फूड कोर्ट काढण्याचा प्रश्न कायद्याच्या अंगानेही उभा राहतो. कागद न काढता चाललेला वाद म्हणजे सातबारा न बघता केलेला जमिनीचा सौदा.

आता पैशांचा मुद्दा. पालिकेची बाजू अशी: आमच्याकडे कर अपुरा, पगार मोठे, कचऱ्याचा खर्च वाढता, मोक्याची जागा कवडीमोलाने दिली तर लेखापरीक्षक आक्षेप घेईल आणि उद्या कोणी म्हणेल, नगरसेवकाने आपल्या माणसाला जागा दिली. म्हणून जाहीर निविदा, सर्वांत मोठी बोली, विषय संपला. हा मुद्दा हलका नाही. मर्जीतल्या माणसाला नाममात्र भाड्याने दिलेली आणि मग त्याने पोटभाड्याने चढ्या दरात फिरवलेली दुकाने आपल्या बाजारपेठांत आहेतच. ‘स्वस्त भाडे’ या शब्दामागे बरीच लबाडी लपू शकते.

पण मोठ्या बोलीचे पुढे काय होते याचा हिशेब कागदावर मांडून बघावा. समजा, बागेतल्या कॅफेचे भाडे महिना १ लाख रुपये ठरले. वर्षाचे १२ लाख. मुसळधार पावसाचे आणि सुट्टीचे दिवस वगळले तर कॅफे नीट चालतो ते साधारण ३०० दिवस. म्हणजे दिवसाला ४,००० रुपये नुसते भाडे. दिवसाला २५० गिऱ्हाइके आली तर प्रत्येकामागे १६ रुपये. ज्या जागी चहा १५-२० रुपयांना विकायचा, तिथे चहापत्ती, दूध, साखर, गॅस, पगार यांच्या आधीच १६ रुपये गेले. हेच भाडे महिना २० हजार असेल तर गिऱ्हाइकामागे ३ रुपये २० पैसे पडतात आणि चहाचे दुकान चालू शकते. कॅफेवाला लोभी असो की सज्जन, हे गणित दोघांनाही तेच.

मग १ लाखवाला करतो काय? पहिल्या तीन महिन्यांत भाजी-पाव, मिर्ची, बन्स ही स्वस्त यादी आखूड होते. चहा ‘स्पेशल’ होतो. सहा महिन्यांत बाहेरच्या बाकांवर ‘फक्त गिऱ्हाइकांसाठी’ अशी पाटी येते. वर्षभरात व्हरांड्याला काचा लागतात, कारण वातानुकूलित टेबलाचा दर दुप्पट लावता येतो. काचा लागल्या की वारा थांबतो, वारा थांबला की जुन्या लाकडात ओल धरते, पण तो विषय पुढे येईलच. मग दारूच्या परवान्यासाठी अर्ज जातो, कारण चहात न निघालेले भाडे बिअरमध्ये निघते. संध्याकाळी संगीत वाढते, फिरायला येणारी म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बायका बाग सोडून जातात. शेवटी भाडे थकते, प्रकरण कोर्टात जाते आणि क्लबघर कुलूपबंद पडते. पालिकेला ना १ लाख मिळाले ना २० हजार. सोपोचा, म्हणजे बाजारातल्या विक्रेत्यांकडून घ्यायच्या शुल्काचा, ठेका सर्वाधिक बोलीला दिला की ठेकेदार पावतीपेक्षा जास्त वसूल करतो, अशी बाजारातल्या भाजीवाल्या बायकांची तक्रार गोव्यात वर्षानुवर्षे ऐकू येते. तिथेही वरची बोली खालून, टोपली घेऊन जमिनीवर बसलेल्या बाईकडून वसूल होते. तीच चूक आपण बागेत पुन्हा का करावी?

स्वस्तात चालवणे जमतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी इंडियन कॉफी हाऊसचा इतिहास आठवावा. कॉफी बोर्डाने ती उपाहारगृहे बंद करायला काढली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पाठबळावर कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ मध्ये बंगळुरात. नोकरी गेलेले वेटर आणि स्वयंपाकी मालक झाले आणि पुढची कित्येक दशके साधी कॉफी, साधा डोसा, न उठवणारे टेबल असा व्यवहार त्यांनी अनेक शहरांत चालवून दाखवला. आणीबाणीत दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधले कॉफी हाऊस पाडले गेले, तेव्हा लोक हळहळले ते भिंतींसाठी नव्हे. तिथे बसून बोलता येत होते. गोव्यात हे वेगळे सांगायला नको. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली, ती चार माणसांनी एकत्र येऊन बोलण्याच्या हक्कासाठीच होती. पणजीतली कला अकादमी उभारताना वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी रस्त्यापासून मांडवीपर्यंत मोकळी वाट ठेवली. तालीम संपवून नदीकाठच्या कँटीनमध्ये चहावर बसणारे मराठी नट, तियात्रिस्त (कोकणी तियात्रांतले कलाकार) आणि गायक हे त्या वास्तूचाच भाग होते. ती वास्तू नूतनीकरणासाठी बंद होती तेव्हा कलाकारांच्या बोलण्यात रंगमंचाच्या जोडीने त्या कँटीनची आठवण निघायची, यात नवल नाही.

तर मग पारदर्शक आणि तरीही स्वस्त अशी निविदा कशी काढायची? भाडे पालिकेने आधीच ठरवून जाहीर करावे आणि स्पर्धा दरांवर लावावी. चहा, कॉफी, भाजी-पाव, उसळ-पाव, बन्स, सामोसा, सोलकढी, पिण्याचे पाणी अशा १०-१२ पदार्थांची यादी वजन-मापासह द्यायची: चहा १०० मिलिलिटर, पाव ताजा पोदेराकडचा (पाववाल्याकडचा), भाजी इतके ग्रॅम. जो ही यादी कमीत कमी एकूण दरात देईल त्याला ठेका. आकड्यांची तुलना होते, लेखापरीक्षकाला आक्षेपाला जागा राहत नाही आणि नगरसेवकाच्या मर्जीलाही. यादीबाहेरचे पदार्थ त्याने हव्या त्या दराने विकावेत. केक-सँडविच विकून त्याने नफा कमावला तर कोणाचे बिघडले? मुदत ५ वर्षांची, दरवाढ वर्षातून एकदा ठरलेल्या सूत्राने, पोटभाडेकरू आढळला तर करार रद्द. बागेचे स्वच्छतागृह सकाळी ६ ते रात्री ९ उघडे आणि स्वच्छ ठेवणे ही ठेकेदाराची जबाबदारी. हे कलम नसले की सहा महिन्यांत त्या स्वच्छतागृहाला कुलूप लागते आणि बागेत बायकांचे येणे कमी होते. महिलांच्या स्वयंसाहाय्य गटांना अनामत रकमेत सवलत द्यावी, दरांत देऊ नये. नाहीतर गट आडोशाला आणि चालवणारा दुसराच, असे होते. पालिकेचे यात वर्षाला ९-१० लाख रुपये कमी येतील, हे मान्य. पण स्वच्छतागृह, संध्याकाळचा जागता राबता, छपराची वार्षिक देखभाल हे सगळे पालिकेने स्वतः करायचे म्हटले तर त्या रकमेतला मोठा वाटा तसाही खर्च होणार आहे.

पाडण्याच्या बाजूने तिसरा मुद्दा असतो धोक्याचा: छप्पर कोसळेल, कोणी दगावेल, जबाबदार कोण? इथे भावनेने उत्तर देणे चुकीचे आहे. कुजलेला वासा वारसा बघून थांबत नाही. पण ‘धोकादायक’ हा शेरा बऱ्याचदा रस्त्यावरून इमारतीकडे बघून मारलेला असतो. छपराच्या जुन्या लाकडात सर्वांत आधी कुजते ते वाशाचे टोक, जिथे ते भिंतीवर टेकते तिथे. कारण पन्हळ तुंबली की पाणी नेमके तिथे मुरते. बाहेरून रंग शाबूत असतो. तिथली दोन-तीन कौले काढून, टोचणी हाताने दाबून बघायची. दोन-तीन मिलिमीटरवर अडली तर लाकूड जिवंत आहे. बोटभर आत गेली तर तेवढे टोक गेले. तेव्हाही अख्खा वासा टाकावा लागत नाही. कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून, सागवान किंवा माटी (ऐन) या झाडाच्या लाकडाचा नवा तुकडा तिरका सांधा करून बोल्टने जोडता येतो. वाळवीचे मातीचे नळ भिंतीवरून वर चढलेले दिसले तर आधी जमिनीशी उपचार, मग लाकडाला. असे एकेक टोक तपासून नकाशावर लाल-हिरवी खूण केलेला अहवाल पालिकेने मागवावा. शंभर वाशांपैकी किती गेले, हा आकडा हातात आला की पाडायचे की दुरुस्त करायचे यावर बोलता येते. त्याआधीचे बोलणे अंदाजपंचे.

इमारती खिळखिळ्या होण्यात पूर्वीच्या ‘दुरुस्त्यां’चा वाटा मोठा आहे, हेही सांगायला हवे. या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि चुन्यातल्या. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंत भिजणार नाही असे होणारच नाही, प्रश्न ती सुकते की नाही एवढाच आहे. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकचा रंग चढवला की बारीक भेगांतून पाणी आत जाते, बाहेर पडायला वाट नसते. क्षार गिलाव्यामागे साठतात, फुगतात आणि चार-पाच पावसाळ्यांत गिलाव्याचा पत्राच्या पत्रा सुटतो. सुटताना चिऱ्याचा दर्शनी थरही घेऊन येतो. मग अभियंता भिंतीवर हात ठेवतो, भुगा होतो आणि तो लिहितो: दगड कुजला. दगड शे-सव्वाशे वर्षे उभा होता, त्याला नव्या गिलाव्याने मारले.

उपाय गवंड्यांना ठाऊक असलेलाच आहे, फक्त तो घाईत होत नाही. सिमेंट हाताने, छिन्नीने काढायचे; यंत्राच्या हादऱ्याने चिऱ्याच्या कडा उडतात. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी सुकू द्यायची, दर आठवड्याला वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे, पाण्याने धुवायचे नाहीत, नाहीतर ते परत आत जातात. कळीचा चुना विझवून किमान तीन आठवडे, जमल्यास तीन महिने पाण्याखाली मुरवायचा. एक भाग चुना, अडीच-तीन भाग धुतलेली गोडी वाळू. समुद्राची वाळू चालत नाही, तिच्यातले मीठ पुन्हा तोच खेळ सुरू करते. ओल जास्त असलेल्या पायाजवळच्या पट्ट्यात थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिसळायची. थर १०-१२ मिलिमीटरचा, पहिला घट्ट झाल्यावर दुसरा, आणि दोन-तीन आठवडे ओले गोणपाट. चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो; उन्हात झटपट वाळला तर त्याची पूड होते. वर चुन्याचाच रंग. छपराला मंगळुरी कौले लागतात चौरस मीटरला सुमारे १५. म्हणजे १८० चौरस मीटरच्या छपराला २,७०० आणि वर फुटीसाठी दोनशे राखीव. दर एप्रिल-मेमध्ये शाकारणी, पन्हळी साफ, फुटकी कौले बदल, शेवाळ खरडणे, हे कलम ठेकेदाराच्या करारात असावे आणि न केल्यास अनामत जप्त. आधीच्या पिढ्यांनी ही घरे कोणत्या युक्तीने टिकवली असे विचाराल तर उत्तर एवढेच, ते दरवर्षी छपरावर चढत असत.

त्या जागी काँक्रीटची नवी इमारत बांधली तर ती सुरक्षित राहील, हे गृहीतही तपासून बघावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळ्यांवरचे आवरण कमी पडले, काँक्रीट नीट ठासले नाही, क्युरिंग (पाणी मारत राहणे) चुकवले, की सळ्या गंजतात, फुगतात, खालून पापुद्रे पडतात. जुलै २०२३ मध्ये कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचे छप्पर नूतनीकरण चालू असतानाच कोसळले, ते लाकूड-कौलांचे नव्हते. नवे म्हणजे भक्कम आणि जुने म्हणजे कमकुवत, असा काही नियम नाही.

स्वयंपाकघराविषयी मात्र मी वारसाप्रेमींच्या विरुद्ध बाजूला आहे. जुन्या लाकडी छपराखाली तळण चालू देऊ नये. तेलकट वाफ वाशांवर बसते, धूळ धरते आणि ते आगीला आमंत्रण असते. १९ किलोचे व्यापारी सिलिंडर आत ठेवणे तर अजिबात नको. मागच्या बाजूला स्वतंत्र, बिनलाकडी, हवेशीर स्वयंपाकघर असावे. सिलिंडर त्याच्याही बाहेर जाळीत, नळी दर तपासणीला बदललेली. सांडपाण्याच्या वाटेवर तेल अडवणारी कुंडी हवी आणि ती आठवड्याला उपसायला हवी. तेल थंड झाले की नळात थिजते, पाणी तुंबून बागेच्या गटारात आणि तिथून झाडांच्या मुळांत जाते. खुर्च्यांसाठी झाडांच्या बुंध्यापर्यंत फरशी घातली की झाड दहा वर्षांत वठू लागते. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी सोडावी. यासाठी एखादा जुना कोपरा पाडावा लागला तर पाडावा. व्हरांडा आणि मोठे दालन ही माणसांची जागा आहे, तिला हात न लावता बाकी सोयी आजच्या करता येतात.

तरुणांना हे जुनाट वाटते, त्यांना चकचकीत हवे, असेही ऐकू येते. ज्यांच्या खिशात ४० रुपये आहेत त्या कॉलेजच्या मुलांना विचारून हे कोणी ठरवले?

दुरुस्तीचे वेळापत्रक गोव्यात पाऊस ठरवतो. भिंती सुकवायला उन्हाळा हवा, म्हणजे सिमेंट या फेब्रुवारीत उतरले तर चुना पुढच्या ऑक्टोबरात चढणार आणि शाकारणी त्याच्या पुढच्या मे महिन्यात संपणार. मधल्या पावसाळ्यात उघड्या भिंतींवर पावसाची झड लागू नये म्हणून छपराच्या कडा बाहेर वाढवून तात्पुरते आडोसे करावे लागतात, नुसती निळी ताडपत्री बांधून भागत नाही. तिच्याखाली हवा कोंडते आणि वासे आणखी कुजतात. निविदा जानेवारीत निघून कामाचा आदेश एप्रिलमध्ये मिळाला तर अख्खे वर्ष जाते आणि ‘काम रखडले, पाडून टाका’ म्हणणाऱ्यांना आयता मुद्दा मिळतो. म्हणून मसुदा मागायची वेळ पावसाळ्यात आहे, सप्टेंबरच्या आत. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. जुलैत अर्ज गेला तर ऑगस्टमध्ये हातात कागद असतो आणि पालिकेच्या सप्टेंबरच्या बैठकीआधी लेखी हरकत नोंदवता येते. त्या हरकतीत पाटीचा विषय शेवटी घ्या. आधी भाडे, दरांची यादी, काचा न लावण्याचे कलम, स्वच्छतागृह, गिलावा कशाचा आणि शाकारणी कोणाकडे, ते लिहा.